झाडून ठेवलेल्या खाचराचा पंचनामा

आटगाव, ता. शहापूर
३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शकूस दादाचे आशीर्वाद.

दाजींचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की ते ओट्यावरून पाठमोरे उतरतात आणि वर म्हणतात, देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून. त्यांना सांग, देव दोन्ही बाजूंनी बघतो, तेल मात्र ज्या त्या गुडघ्यालाच लावावं लागतं. हर्षालीला कितवा महिना लागला? सुनेला या दिवसांत पाण्याची कळशी उचलू देऊ नकोस. नातवाचा, ओमकारचा, खोकला गेला का? आणि तू डोळ्यांत थेंब घालतेस की बाटली अजून कोनाड्यातच आहे? गाभण गायीचंही कळव, तिला विसरलो तर तू चिडतेस.

माझं म्हणशील तर कान सोडून सगळं जागच्या जागी आहे. फोनवर तू म्हशाहून ओरडणार आणि मी इकडे उगाच हो हो म्हणणार. परवा अशाच हो हो मध्ये कुणाला तरी बोकड विकायचा शब्द देऊन बसलो, आणि आपल्याकडे बोकडच नाही. त्यापेक्षा कागद बरा.

आता ज्याच्यासाठी बसलो ते लिहितो. तळ्याखालचं खाचर मी गेल्या साली अनिताच्या नावावर केलं, हे तुला ठाऊक आहे. सुनेच्या नावावर शेत केलं म्हणून गाव हसलं. जी कसते तिचं नाव उताऱ्यावर असावं, एवढंच माझं म्हणणं. माझा साईनाथ वाशिंदला कंपनीत, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते, चिखल काही त्याच्या पाळीसाठी थांबत नाही. यंदा पेरलं तिनं, लावणी तिनं केली, तण काढून बेणणी तिनं केली. शकू, भात असं आलं होतं की बांधावरून जाणारा माणूस तंबाखू मळायचा थांबायचा.

दिवाळीत कापलं. मुठी-मुठीनं ओळीत पसरून ठेवलं, दोन उन्हं खाल्ली की भारे बांधायचे. ती दोन उन्हं काही मिळाली नाहीत. पाऊस आला आणि पाच दिवस बसला. खाचरात भात तरंगायला लागलं. मी बांधावर उभा होतो, मला बघवेना. आपली आई पायाखाली आलेला दाणा उचलून कपाळाला लावायची, तिचा मी मुलगा. तेवढ्यात अनिता मोबाईल घेऊन आली. म्हणाली, "बाबा, फोटो काढून ठेवते. पंचनाम्याला लागंल."

मी म्हटलं, "अगो, मढ्याचे फोटो काढतात का कोणी?"

तिनं मोबाईल पदराखाली घातला. पावसानं उसंत दिली तशी तिनं, मी आणि नातीनं, समीक्षानं, मिळून सगळं भात उचलून पडवीत रचलं. मी पडलेल्या काड्यासुद्धा वेचल्या. उष्टं पान पाहुण्याला दिसू नये, तसं वाटत होतं. खाचर असं साफ केलं की वर लग्नाचा मांडव घालावा.

आणि आता दवंडी आली आहे. बुधवारी, बारा तारखेला, तलाठीबाई पंचनाम्याला येणार. भाताचं नुकसान शेतात बघणार, फोटो काढणार, मग सरकारची मदत. आमचं खाचर बघून त्या काय लिहिणार? की शेतकरी मोठा टापटिपीचा?

हसू नकोस, गोष्ट हसण्याची नाही. साईनाथ मुरबाड रस्त्याच्या एका प्लॉटवाल्याशी बोलून बसला आहे. त्यानं अनिताला तोंडावर सांगितलं, "यंदा घरातला पैसा घातला. आता पुढच्या सालचं बी आणि नांगरट शेतानं आपलं आपण काढावं. नाय निघालं तर खाचर देऊन टाकू." भात तर गेलं. म्हणजे आता खाचर राहतं की जातं ते त्या मदतीवर, आणि मदत त्या एका फोटोवर, जो मी काढू दिला नाही.

शेजारचा कमळू म्हणतो, "कोंडूतात्या, सोपं हाय. मंगळवारी भात उचलून परत खाचरात पसरा. भिजलेलंच हाय, खोटं काय त्यात?" अनिता म्हणाली, "एकदा उचललं ते उचललं. भाताला नाटकात उभं नाय करायचं." मला मात्र, तुला खरं सांगतो, कमळूचं पटतंय. भात भिजलं हे खरं, शेतात भिजलं हेही खरं. मग ते चार दिवस पडवीत राहून आलं तर कुणाचं काय गेलं? तू सांग. बुधवारच्या आत सांग.

तुझा दादा,
कोंडू


म्हसा, ता. मुरबाड
७ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप दादास शकूचा नमस्कार.

पत्र मिळालं. ओमकार आटगावला मित्राकडं निघालाय, त्याच्या हाती हे देते, टपालाची वाट बघत बसले तर बुधवार उलटंल. यावरनं समज, त्याचा खोकला गेला. यांचा गुडघा वाकतो पण ते वाकत नायत. तुझा तेलाचा निरोप सांगितला तर म्हणाले, तुझ्या दादाला म्हणावं तेल कानात घाल. हर्षालीला सातवा लागला. गाय दोन-चार दिवसांत व्यायची. माझे थेंब चालू आहेत, खोटं वाटत असंल तर बघ, अक्षर ओळीत आलंय.

दादा, वाचून मला आधी हसू आलं आणि मग आई आठवली. ती असती तर तिनं पण भात उचलूनच आणलं असतं. तेव्हा स्वतःला फार बोल लावू नको. आमी इकडं उलटं केलं. यांनी सांगितलं, कुणी काडी हलवायची नाय, पंचनामा होईपर्यंत. नऊ दिवस भात तसंच पडून. मी विहिरीला जाताना डोक्यावरचा पदर त्या बाजूनं पुढं ओढून घ्यायची. दाण्यांना मोड आले, मग मोडांचा लगदा झाला. पंचनामा नीट झाला, पण ते नऊ दिवस मी काय बघितलं ते मलाच ठाऊक. तुझं घर निदान त्यातनं सुटलं.

आता कमळूचं. तू विचारलंस म्हणून सांगते, नायतर मोठ्या भावाला शिकवायची माझी काय ऐपत. ते भात परत खाचरात नेऊ नको. नुकसान खरं आहे, कबूल. पण नेणार कोण? तुझ्या हातानं दहा भारे उचलत नायत. नेणार अनिता. म्हणजे जिला नको तिच्याच डोक्यावर तू ते देणार, आणि पंचनाम्यावर सही पण तिचीच, कारण खातेदार ती. तिच्या नावावर शेत करताना तू गावाला म्हणालास, जी कसते तिचं. मग जी कसते ती म्हणते तसं होऊ दे.

बाई येईल तिला आहे ते सांगा. नाय लिहिलं तर नाय लिहिलं.

आणि साईनाथवर दात खाऊ नको. त्याचं काही असंल त्याच्या मनात. बुधवारचं काय झालं ते लगेच लिही, मी इकडं जेवण सोडून बसणार नाय, पण जेवण जाणार पण नाय.

तुझी शकू


आटगाव
१३ नोव्हेंबर २०२५

चि. शकूस आशीर्वाद.

भात पडवीतच ठेवलं. कमळू दोन दिवस रुसून होता, म्हणाला तुमचं तुम्ही बघा. आता बुधवारचं ऐक. समीक्षा शाळा बुडवून माझ्या उजव्या कानाशी उभी होती आणि जो जे बोलेल ते मला पोचवत होती, मधे मधे स्वतःचं मीठमसाला घालून. तेव्हा जे लिहितो त्यात थोडं तिचं आहे.

तलाठीबाई दहाला आल्या. नाव रुचिता, वय असेल पंचवीस-सव्वीस. चपला हातात घेऊन बांधावरून चालत आल्या, मागून कृषी खात्याचा रत्नदीप टेप घेऊन. मला वाटलं होतं रस्त्यावर गाडी उभी करून लांबून बघतील. आमच्या खाचराशी आल्या आणि थांबल्या. यादी बघितली, खाचर बघितलं, परत यादी बघितली.

कमळूचा रुसवा तेवढ्यात निवळला. तो म्हणाला, "लिवा की मॅडम, शंभर टक्के. कालपर्यंत इथंच भात पडलं होतं."

"कालपर्यंत?" बाईंनी विचारलं.

अनिता पुढे झाली. "काल नाय, मॅडम. पाऊस थांबला त्याच दिवशी आमी उचललं. पडवीत हाय."

"आधी फोटो काढून ठेवलात?"

"नाय. मला सुचलं नाय."

शकू, समीक्षानं हे माझ्या कानात सांगितलं आणि मला क्षणभर वाटलं आज हाही कान गेला असता तर बरं. तिला सुचलं होतं. सुचलं होतं म्हणून तर मोबाईल घेऊन आली होती. चार लोकांत सासऱ्याचं नाव पुढे येऊ नये म्हणून ती स्वतःला मूर्ख म्हणवून घेत होती. मी काठी टेकत पुढे गेलो आणि म्हटलं, "बाई, तिला सुचलं होतं. मी काढू दिला नाय. मला लाज वाटली."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी. म्हणाल्या, "चला, पडवी बघू."

पडवीत भाताच्या ढिगात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. आतून वाफ निघत होती, आंबूस वास. हात बाहेर आला तो पांढऱ्या कोंबांनी माखलेला. हात धुतला आणि म्हणाल्या, "काका, मला दिसलं. पण फोटो शेतातलाच लागतो. मोबाईलमध्ये फोटोबरोबर जागा उमटते. पडवीचा काढला तर वर बसलेला माणूस विचारणार, हे भात कुणाच्या शेतातलं कशावरून?"

त्यांचं बरोबरच होतं. आमच्या जागी दुसरा कुणी असता तर कुणाचंही भात दाखवून मोकळा झाला असता. अनिता म्हणाली, "असू दे मॅडम. तुमाला दिसलं तेवढं बस झालं." आणि चहा टाकायला वळली. मी तिचा चेहरा बघितला नाही, पाठ बघितली.

चहा बिनदुधाचा घेतला, अजून सात खाचरं बघायची होती. जायला निघाल्या ते आमच्याच बांधावरून. अर्ध्यात थांबल्या. खाली बसल्या. मला वाटलं काटा लागला.

"अनिताताई," त्यांनी हाक मारली, "हे गवत इतकं ओळीत कसं उगवलंय?"

आम्ही सगळे बघायला लागलो. खुंटांच्या मधून चार बोटं उंचीचे हिरवे झुबके, एकेक हात अंतरावर, या बांधापासून त्या बांधापर्यंत, रांगेत. मी रोज तिथून जात होतो. मनात म्हणत होतो, यंदा गवतानं पण सवड दिली नाही. अनितानं गुडघे टेकून एक झुबका उपटला. मुळाशी टरफल, टरफलातून कोंब. भात होतं, शकू. कापणारीनं जिथे जिथे मूठ ठेवली होती तिथे दाणे सांडले होते आणि तिथेच उगवले होते. आम्ही काड्या वेचल्या, दाणे कुठून वेचणार?

जन्म गेला माझा भातात, आणि मला गवत दिसलं. त्या पोरीला भात दिसलं. मी विचारलं, बाई, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, "आमचं घर टोकावड्याचं. लहानपणी राबातलं, रोपांच्या वाफ्यातलं, गवत काढायला बसवायचे. गवत समजून रोप उपटलं की आई पाठीत धपाटा घालायची. तेव्हापासून ओळखते." तुझ्या मुरबाडचीच निघाली बघ.

मग रत्नदीपनं टेप धरला, बाईंनी बांधावर उभं राहून फोटो काढले, खाली बसून काढले, अनिताच्या तळहातावर उपटलेला झुबका ठेवून काढला. पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला. मी समीक्षाकडून दोनदा म्हणवून घेतला. कापणीनंतर शेतात पसरलेले भात पावसात भिजून जागेवरच उगवले, उरलेले खातेदाराने घरी नेले ते कुजलेले आढळले. खातेदार अनिता साईनाथ विशे. पंच म्हणून कमळूनं सही केली. मी म्हटलं, "कमळू, खऱ्याखाली सही करताना हात जड झाला का रे?" तो म्हणाला, "पेन तुमचं होतं, तात्या."

जाताना बाई अनिताला म्हणाल्या, "मिळेलच असं मी सांगणार नाही. दिसलं ते लिहिलंय."

एवढंच बोलल्या. चपला हातात, पुढच्या बांधाला लागल्या. मी काठी बगलेत धरून हात जोडले, त्यांची पाठ होती, त्यांना दिसलं नाही.

साईनाथ रात्रपाळीला होता. घरी आल्यावर सगळं सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं," आणि झोपला. बघ, तू म्हणतेस दात खाऊ नको. त्याला शेताचा पैसा दिसतो, बायकोची मेहनत दिसत नाही. असो. गाय व्याली का?

तुझा दादा,
कोंडू


म्हसा
२४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप दादास नमस्कार.

गाय व्याली, पाडी झाली. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा. हर्षाली बरी आहे. यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, अनितानं सासऱ्याचं नाव घेतलं नाय तिथं मला दोनदा थांबायला लावलं. म्हणाले, अशी सून मिळायला कोंडूनं काय पुण्य केलं ते विचार.

तलाठीबाईचं घर इथनं फार लांब नाय. इथल्या जत्रेला आली आणि मला दिसली तर घरी जेवायला आणीन, नाव न विचारता चपलांवरनं ओळखीन.

आता दादा, एक गोष्ट मी तुझ्यापासनं लपवली ती सांगते. तुझ्या पहिल्या पत्राच्या आधीच साईनाथचा मला फोन आला होता. म्हणाला, आत्या, बाबांना समजाव, खाचर देऊन टाकू दे. मी पण तुझ्यासारखीच भडकले. म्हटलं, पैशाला एवढा हपापलास? मग म्हणाला, ज्या दिवशी भात उचललं त्या दिवशी मी पाळीवरनं घरी आलो तर अनिता चुलीपुढं बसून थरथरत होती. अंग भाजत होतं. सकाळपासनं ताप, आणि ओले भारे डोक्यावर. मी विचारलं तर म्हणाली, बाबांना सांगू नका, ते अर्धं भात टाकून देतील. आत्या, शेत राहील पण ही राहायची नाय. मला ते शेत बघितलं की आता भीती वाटते.

हे असं आहे दादा. मी पहिल्या पत्रात लिहिणार होते, पण बुधवार डोक्यावर होता, आणि अनितानं तुला सांगू नको म्हटलेलं मी का सांगावं, असं पण वाटलं. आता लिहिते कारण तू त्याला पैशाचा लोभी ठरवायला निघालास. पोरगा बायकोला भिऊन नाय, बायकोसाठी भिऊन आहे.

मी त्याला एवढंच म्हटलं, हे सगळं तू मला सांगतोस, बाबांना सांगायला बघतोस, प्लॉटवाल्याला सांगतोस. तिला विचारलंस का, तुला शेत पायजे की नको? तर म्हणाला, नाय विचारलं. चौदा वर्षं झाली लग्नाला.

आमच्याकडं मदतीची यादी लागली. यांचं नाव आहे. तुमच्याकडचं काय?

तुझी शकू


आटगाव
४ जानेवारी २०२६

चि. शकूस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचून मी बरेच दिवस कागद हातात घेतला नाही. ती त्या दिवशी माझ्या शेजारून भारे नेत होती. कण्हत असणार, खोकत असणार. मला ऐकू आलं नाही. बरं, कान नाहीत म्हणून ऐकू आलं नाही असं म्हणावं, तर डोळे होते ना माझे. पण मी भाताकडे बघत होतो.

मी तिला जाऊन म्हटलं, "अनिता, त्या दिवशी तुला ताप होता." तिनं माझ्या उजव्या कानाशी येऊन सांगितलं, "होता. गेला. तुमी आता त्याला परत बोलवू नका."

मदत आली. नाताळच्या आधी, सोमवारी. मोबाईलवर दोन ओळी, वर तिचं नाव. तिनं वाचलं, समीक्षाकडून वाचून घेतलं, मग मला आणून दिलं. आपल्या घरातल्या बाईच्या नावानं सरकारकडून काही आलं ते हे पहिलं, शकू. आपल्या आईचं नाव मतदार यादीत होतं, तेही चुकीचं. मी चष्मा पुसून दोन ओळींना बराच वेळ घेतला. त्या तलाठीबाईंनी चपला हातात घेऊन तुडवलेला चिखल मला त्यात दिसत होता. कोण कुठली पोर, आपलं काम दिसेल तसं नाही, तर असेल तसं करून गेली.

साईनाथनं कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला. बी बसतं, खत बसतं, ट्रॅक्टर बसत नाही. त्यानं पेन खाली ठेवलं. अनिता म्हणाली, "ट्रॅक्टरचं वाल बघंल." कारण ते उगवलेलं भात उलटून तिनं ओल आहे तोवर खाचरात वाल टाकला होता. कधी टाकला, साईनाथला पत्ता नाही. दुपारपाळीत असताना टाकला असणार.

तो बुटाची नाडी बांधत होता, कामावर निघायचं होतं. खाली बघूनच म्हणाला, "तुला हे शेत पायजे की नको?" समीक्षानं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाजसुद्धा बारीक झाला होता, मला परत विचारावं लागलं.

अनिता म्हणाली, "पायजे. पण भारे तुमी उचलायचे. कापणीला आठ दिवस रजा टाकायची, दिवाळी असो नायतर काय असो."

"आठ नाय मिळत. पाच मिळतील."

"मग तीन दिवस बाबांना तुमच्या जागी कंपनीत पाठवा."

तो हसला, नाडी तशीच सोडून हसला. पाच दिवस ठरले. कॅलेंडर अजून पुढच्या दिवाळीचं आलं नाही, नाहीतर तिनं तिथेच खूण करून घेतली असती.

आणि काल प्लॉटवाला आला. पांढरे बूट, हातात फाइल. साईनाथ घरीच होता. मी पडवीत बसून बघत होतो, म्हटलं आता हा काय सांगतो बघू. साईनाथनं खाचराकडे बोट केलं. "मालकीण खाली हाय. तिला विचारा." आणि स्वतः मागोमाग जाऊन बांधावर बसला. मीही काठी घेऊन निघालो. पुढचं समीक्षाच्या तोंडून ऐकलं, पण बघितलं माझ्या डोळ्यांनी.

तो खाचरात उतरून अनितासमोर उभा राहिला. "ताई, तुम्ही फक्त रेट बोला. बाकी माझ्यावर सोडा."

अनिता वाकून खुरपत होती. वर न बघता म्हणाली, "सायेब, आधी पाय काढा. खाली वाल हाय."

त्यानं एक पाय उचलला. आता ठेवणार कुठे? पुढे वाल, मागे वाल, दोन्ही अंगांना वाल. एका पायावर उभा, फाइल छातीशी. अनिता खुरपत दुसऱ्या वाफ्यात गेली. शेवटी साईनाथ उठला, बांधावरून हात लांब केला आणि त्याला ओढून रस्त्यावर घेतला.

जत्रा अजून आठवडाभर आहे म्हणतात. गर्दी ओसरली की येतो, पाडी बघायची आहे. हर्षालीचे दिवस भरत आले असतील, तिकडचं काय ते कळव, दाजींचं कळव, थेंबांचं कळव. साईनाथला फोनवर सांगू नकोस, मला कागदावर लिही, आणि लौकर लिही.

तुझा दादा,
कोंडू